परमिट रूममधले वय

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास विरार स्टेशनच्या पूर्वेकडून फुलपाड्याला येणाऱ्या शेअर रिक्षा खच्चून भरलेल्या असतात. कामावरून परतणारी माणसे नाक्यावर उतरतात, भाजी घेतात, औषध घेतात, आणि त्यातली काही वाईन शॉपच्या जाळीपाशी रांगेत उभी राहतात. अशाच एका संध्याकाळी मी शेजारच्या मेडिकलमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या घेत होतो. जाळीपाशी पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आला. पाठीला क्लासची बॅग, हातात चार घड्या घातलेली नोट. "काका, एक क्वार्टर. बाबांसाठी." दुकानदाराने विचारले, "बाबा कुठेत?" "रिक्षात बसलेत." दुकानदाराने मान बाहेर काढून रस्त्याकडे पाहिले, रिक्षातून एक हात वर झाला, आणि कागदात गुंडाळलेली बाटली काळ्या पिशवीतून मुलाच्या हातात गेली. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा. रांगेतल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही त्या क्षणी वाटले नाही. घरी आल्यावर वाटले.

या अर्ध्या मिनिटात कायद्याची किती कलमे गुंतली होती ते पाहिले, तर दारूच्या वयाचा प्रश्न नेमका कुठे अडतो ते कळते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमातले कलम १८ विक्रेत्याला बांधते. सौम्य बिअर आणि वाईन यांच्यासाठी २१ आणि इतर कोणत्याही दारूसाठी २५ वर्षांखालच्या दिसणाऱ्या माणसाला माल विकायचाही नाही आणि हातातही द्यायचा नाही. माल त्याच्या स्वतःसाठी असो की दुसऱ्या कोणासाठी, बंदी तीच. म्हणजे "बाबांसाठी" हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. दुसरीकडे बाल न्याय अधिनियम २०१५ आहे. त्याचे कलम ७७ मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. कलम ७८ मुलाचा वापर दारू विकण्यासाठी, वाहून नेण्यासाठी किंवा पुरवण्यासाठी करणाऱ्याला तेवढीच शिक्षा सांगते. शब्दशः वाचले तर रिक्षातला तो हातही या कलमाच्या कक्षेत येतो. एखाद्या बापाला यासाठी तुरुंगात घालावे असे मी म्हणत नाही. कायद्याचा शब्द आणि नाक्यावरचा व्यवहार यांत किती अंतर आहे, एवढेच मला आधी मोजून घ्यायचे आहे.

बंदीच्या पोटातली परवानगी

महाराष्ट्रात दारू पिण्याचे वय किती, असे विचारले की लोक २१ किंवा २५ सांगतात. उत्तर बरोबर आहे, पण त्यामागची रचना त्यातून कळत नाही. बहुतेक देशांत प्रौढ माणसाला दारू पिण्याची मोकळीक असते आणि वयाची अट ही त्या मोकळिकीला घातलेली मर्यादा असते. आपल्याकडे रचना उलटी आहे. आपला मूळ कायदा दारूबंदीचा आहे. पिणे हा नियम नाही, अपवाद आहे, आणि त्या अपवादात शिरण्यासाठी परवाना लागतो. वय ही त्या परवान्याची एक पात्रता आहे.

हे समजायला थोडे मागे जावे लागते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मादक पेये हा विषय राज्यांच्या यादीत आहे, आणि अनुच्छेद ४७ राज्यांना दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतो. घटना लागू होण्याआधीच मुंबई प्रांताने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० पासून राज्यभर संपूर्ण बंदी आणली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. बंदीच्या त्या वर्षांत मुंबईत आणि आसपास गावठीचे चोरटे अड्डे फोफावले; 'आंटी'चा अड्डा हा शब्द त्याच काळाने दिला. महाराष्ट्र झाल्यावर १९६० च्या दशकात सरकारने धोरण सैल केले. मात्र कायदा काढून टाकला नाही. तो तसाच ठेवून परवान्यांचे दार उघडले.

आजही बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेले असते ते म्हणूनच. ज्याच्याकडे परमिट आहे त्याने बसून प्यायची खोली, असा त्याचा सरळ अर्थ आहे. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना, वर्षाचा शंभर रुपयांना आणि आजीव हजार रुपयांना, असे हे दर आहेत. फुलपाड्यात, मनवेलपाड्यात, चंदनसारला ज्यांना मी ओळखतो त्यांपैकी पिणाऱ्यांना विचारले तर दहांतल्या नऊ जणांनी आयुष्यात परवाना पाहिलेला नसतो. दुकान किंवा बार एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तके घेऊन ठेवतो. पान फाडून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे असा प्रसंग क्वचितच येतो.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे विवेचन यावर उभे आहे. परवाना हा खरे तर वय तपासण्याचा टप्पा होता. गिऱ्हाईक बाटलीपर्यंत पोचण्याआधीच त्याचे वय कागदावर नोंदले गेले असते. वार्षिक किंवा आजीव परवाना काढायचा तर अर्जासोबत ओळखीचा आणि वयाचा पुरावा लागतोच. हा टप्पा व्यवहारातून गळाला आणि वय तपासण्याचे सगळे काम जाळीमागच्या माणसावर येऊन पडले. त्याच्याकडे साधन काय, तर डोळे. कलम १८ चा शब्दही 'दिसणाऱ्या' वयाचा आहे. विक्रेत्याला अंदाज चुकला म्हणून शिक्षा होऊ नये, हा त्या शब्दामागचा न्याय्य हेतू असावा. पण कागद मागायचा नाही आणि तोंडाकडे पाहून ठरवायचे, अशी रीत पडली की 'दिसणे' हीच पळवाट होते. दाढी राखलेला एकोणीस वर्षांचा मुलगा सव्वीसचा दिसतो. गर्दीच्या वेळी तर कोणाचेच तोंड नीट दिसत नाही.

या किनाऱ्याची जुनी रीत

वसईच्या पट्ट्यात दारू नवी नाही आणि तिच्यावरचा सरकारी हातही नवा नाही. ताडामाडाची झाडे, ती झाडे छेदणारे भंडारी, डोंगराकडच्या वारली पाड्यांवर मोहाची फुले, आणि ख्रिस्ती, वाडवळ, आगरी या सगळ्यांच्या लग्नकार्यात आपापल्या रीतीचे पेय, असा हा मुलूख. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि झाडापासून भट्टीपर्यंत सगळ्यावर सरकारी महसुलाची मोहोर उठली. पुढे १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवर बंधने घालणारा खास कायदा झाला. तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ती तिथेच राहिली. म्हणजे मोहाची फुले कोणी किती साठवायची, हेही या भागातल्या आदिवासीला सरकारने सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितले.

या जुन्या व्यवस्थेत वय नव्हते असे नाही. ते घराने आणि पंचांनी ठरवलेले होते. देवाला ताडी दाखवण्याच्या विधीत कोणी बसायचे, लग्नात कोणाच्या हातात पेला द्यायचा, हे म्हातारी माणसे ठरवत. सकाळची नीरा पोरेबाळे पीत, संध्याकाळची आंबलेली ताडी त्यांना मिळत नसे. आज अधिनियमातली 'मद्या'ची व्याख्या ताडीलाही कवेत घेते. कायद्याच्या नजरेत ती विलायती दारूच्या शेजारी बसते. माळावरच्या पाड्यात ती अजून घरची वस्तू आहे. तिथे २१ किंवा २५ हा आकडा पोचलेला नाही, आणि दुकानाच्या काउंटरवर बसवलेला नियम तिथे पोचूही शकत नाही, कारण तिथे काउंटरच नाही. हातभट्टीचेही तसेच. जिथे विक्रीच बेकायदा आहे तिथे विक्रेता गिऱ्हाइकाचे वय कशाला पाहील? जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, तेव्हा तिथे परवानाही नव्हता आणि वयही नव्हते, मिथेनॉल होते. वयाचा कायदा कुठवर पोचतो हे ठरवताना हा सगळा प्रदेश त्याच्या बाहेर आहे हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

बाटलीचे गणित

आता २१ आणि २५ हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहू. दारू जितकी कडक तितके वय जास्त, असा या विभागणीचा तर्क आहे. जर्मनीतही असाच दुहेरी नियम आहे. बिअर-वाईन १६ व्या वर्षापासून, कडक दारू १८ व्या वर्षापासून. तर्क ऐकायला पटतो. पण बाटलीवरचा छापील टक्का घेऊन हिशेब केला तर तो डळमळतो.

सौम्य बिअर म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली. ६५० मिलीच्या एका बाटलीत साडेबत्तीस मिली शुद्ध अल्कोहोल भरते. व्हिस्की ४२.८ टक्क्यांची; तिच्या ६० मिलीच्या लार्ज पेगात पावणेसव्वीस मिलीच्या आसपास. म्हणजे २१ व्या वर्षी जिला परवानगी आहे ती एक बाटली, २५ पर्यंत ज्याला बंदी आहे त्या एका पेगापेक्षा जास्त अल्कोहोल पोटात घालते. वाईनचे आणखी विचित्र. तेरा टक्के धरले तर ७५० मिलीच्या बाटलीत ९७ मिलीच्या वर अल्कोहोल असते. स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांपर्यंतची. तिच्या बाटलीत ५२ मिली. वाईनच्या बाटलीला वय २१, आणि तिच्या जेमतेम अर्ध्या बळाच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीला २५.

याला उत्तर आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवे. धोका फक्त एकूण अल्कोहोलात नसतो, ते किती वेगाने रक्तात जाते यातही असतो. बिअरची बाटली रिचवायला पाऊण तास लागतो. १८० मिलीची क्वार्टर, म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, पोरे पाण्याच्या पाऊचबरोबर दहा मिनिटांत संपवतात. पोट मोठ्या प्रमाणातल्या पाण्याला नको म्हणते, कडक द्रवाला म्हणत नाही. म्हणून सौम्य पेयाला थोडे कमी वय ठेवण्यात काही शहाणपण आहे. मग ते शहाणपण वाईन आणि स्ट्राँग बिअरमध्ये उलटे का होते, याचे उत्तर विज्ञानात सापडत नाही. वाईन द्राक्षबागाईतदाराचे उत्पादन आहे आणि नाशिकच्या बागा महाराष्ट्राच्या राजकारणात जवळच्या आहेत, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने किराणा सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचे ठरवले तेव्हाही शेतकऱ्याचेच नाव पुढे होते.

आणि व्यवहारात काय होते? बिअर शॉपीत येणारा बाविशीतला मुलगा सौम्य बिअर मागत नाही. तो "स्ट्राँग दे" म्हणतो. त्याला ती मिळते. कायद्यातली ही बारीक रेघ विक्रेत्यालाही माहीत नसते, गिऱ्हाइकाला तर नाहीच.

वय का ठेवायचे

अठराव्या वर्षी मत देता येते, मग पेला का नाही, हा प्रश्न कॉलेजच्या पोरांकडून नेहमी येतो. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, १८ व्या वर्षी गाडीचे लायसन्सही मिळते, मग दारूलाच वेगळा न्याय का? प्रश्न चुकीचा नाही. पण प्रत्येक वय एकाच गोष्टीचे माप नसते. मत देण्याचे वय माणसाचे म्हणणे ऐकण्यासाठी असते. एखाद्याचे मत चुकले तर ते कोट्यवधी मतांत विरते. दारूचे वय इजा टाळण्यासाठी असते, आणि इजा एकट्यात विरत नाही, ती समोरून येणाऱ्या दुचाकीपर्यंत जाते. त्यामुळे दोन्ही वये सारखी असलीच पाहिजेत असे नाही.

शरीरशास्त्राकडून दोन गोष्टी खात्रीने मिळतात. मेंदूचा पुढचा भाग, जो आवेग आवरतो आणि परिणामांचा अंदाज घेतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. आणि ज्यांचे पिणे लवकर, विशेषतः पंधराच्या आत सुरू होते त्यांच्यात पुढे व्यसन जडण्याचे प्रमाण उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त दिसते. यातून वय वाढवावे हे निघते. नेमका २५ हा आकडा निघत नाही. मेंदूची वाढ पंचविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री अर्धवट आणि वाढदिवसाच्या सकाळी पूर्ण, असे काही घडत नाही. धोका उतरणीसारखा कमी होतो; कायद्याला मात्र उतरणीवर कुठेतरी एक खुंटी ठोकावी लागते. ती कुठे ठोकायची हे मेंदूकडून कमी आणि समाजाच्या चालीवरून जास्त ठरते.

या चालीत एक गोष्ट निर्णायक आहे, तिला मी मर्यादेची सावली म्हणतो. वयाने लहान असलेल्याला दारू दुकानातून क्वचित मिळते. ती त्याला दोन-तीन वर्षांनी मोठ्या मित्राकडून मिळते. मर्यादा १८ असेल तर बारावीतला मुलगा दुकानातून घेतो आणि तिची सावली दहावीपर्यंत, पंधरा-सोळापर्यंत पडते. मर्यादा २१ असेल तर सावली अठराच्या आसपास थांबते. फुलपाड्यात हे रोज दिसते. पापडखिंड धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी पोरांचे घोळके असतात. एक कमावणारा, बावीस-तेविसाचा, आणि त्याच्याभोवती पाच-सहा शिकणारे. बाटल्या त्या एकाच्या पिशवीत असतात. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने राज्यांना २१ ची मर्यादा लावायला भाग पाडले, न पाळणाऱ्या राज्याच्या महामार्ग निधीचा काही भाग रोखून. त्यानंतर तरुण चालकांचे मद्यपानातले अपघाती मृत्यू घटले. न्यूझीलंडने १९९९ मध्ये खरेदीचे वय २० वरून १८ केले, आणि तिथल्या एका अभ्यासात अठरा-एकोणिसाच्या गटात तर वाढ दिसलीच, पण पंधरा ते सतरा वर्षांच्या गटातही अपघात वाढल्याचे दिसले. कायद्याने ज्यांचे वय बदललेच नव्हते, त्यांच्यावर तो परिणाम झाला. सावली म्हणतो ती हीच.

या कारणाने मी १८ च्या बाजूने नाही. आणि याच कारणाने २५ मला पटत नाही. सावलीच्या हिशेबात २१ वरून २५ वर गेल्याने शाळा-कॉलेजच्या मुलांचे संरक्षण जेवढे वाढते, त्यापेक्षा नियमावरचा विश्वास जास्त जातो.

पंचविसावे वर्ष

विश्वास कसा जातो ते बघा. मुलाचे लग्नाचे वय २१. आमच्याकडे आगरी-भंडारी घरांत हळदीची रात्र म्हणजे मंडप, डीजे, मटण आणि पेग. बावीस वर्षांचा नवरामुलगा स्वतःच्या हळदीला व्हिस्कीचा पेग घेऊ शकत नाही. सौम्य बिअर किंवा वाईन चालेल. २१ व्या वर्षी तो वसई-विरार महापालिकेची निवडणूक लढवू शकतो, निवडून आला तर वॉर्डातल्या दारू दुकानाविरुद्ध ठराव मांडू शकतो. त्या दुकानातून क्वार्टर घेण्यासाठी मात्र त्याने लोकसभेच्या उमेदवारीचे वय गाठायला हवे.

असा नियम कोणी मनापासून पाळत नाही. २०११ च्या जूनमध्ये राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणाने २५ ची मर्यादा ठळकपणे पुढे आणली तेव्हा मोठा गलका झाला. अभिनेता इम्रान खान याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. नंतर गलका विरला, आकडा राहिला, पिणेही राहिले. जो नियम कोणीच पाळत नाही तो अपघात झाल्यावरच आठवतो. २०२४ च्या दोन घटना घ्या. १९ मे च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालक मुलगा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी तो पबमध्ये बसला होता. ७ जुलैला वरळीत बीएमडब्ल्यूखाली एका स्त्रीचा मृत्यू झाला. चालकाला २५ पूर्ण नव्हती, आणि त्याला कडक दारू दिली म्हणून जुहूच्या एका बारवर उत्पादन शुल्क विभागाने कारवाई केली.

या दोन घटना एकाच मापाने मोजणे चूक आहे. कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलापुढे पेला ठेवला गेला. ती चूक १८, २१, २५ यांपैकी कोणत्याही मर्यादेला चूकच आहे, आणि बाल न्याय कायद्याने ती गंभीर गुन्हा आहे. वरळीच्या चालकाबद्दल प्रश्न वेगळा आहे. तो २५ वर्षांचा असता तर ती स्त्री वाचली असती का? तिथे गुन्हा पिऊन गाडी चालवण्याचा होता; मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा पस्तिशीच्या माणसालाही लागू आहे. पण कारवाईच्या बातम्यांत २५ चा आकडा पुढे आला, कारण बार सील करायला तो हाताशी होता. असा आकडा संरक्षण देत नाही. तो गरजेच्या वेळी बाहेर काढायचे हत्यार होतो, आणि अशा हत्याराचा सौदाही होतो.

बाकीच्या राज्यांकडे एक नजर टाकली तरी आकड्यांमागे ठाम शास्त्र नाही हे दिसते. राजस्थान आणि हिमाचलमध्ये १८, गोव्यात २१, केरळात २३, पंजाब आणि दिल्लीत २५. हरियाणाने २०२१ च्या अखेरीस कायदा बदलून २५ चे २१ केले. कर्नाटकात मूळ कायद्यात १८ आणि नियमात २१, असा एकाच राज्यात दुहेरी आकडा आहे. आमचा पालघर जिल्हा तर अशा सीमांच्या मधोमध आहे: तलासरीपलीकडे गुजरातची दारूबंदी, बाजूला दमणची स्वस्त दारू, आणि मधून जाणारा महामार्ग. ज्याला वयाची अडचण आली त्याला सीमा दूर नाही.

काउंटरवर काय करता येईल

माझे म्हणणे असे आहे. सगळ्या दारूसाठी एकच वय ठेवावे, २१. वाईन, सौम्य, स्ट्राँग, देशी, विलायती, सगळ्याला. विक्रेत्याला एकच गोष्ट लक्षात ठेवायची, गिऱ्हाइकाला एकच. आणि सोडलेल्या चार वर्षांच्या बदल्यात ते वय खरोखर तपासावे. आज 'पंचवीस' लिहून आपण सतराला सोडतो. त्यापेक्षा 'एकवीस' लिहून अठरा-एकोणिसाला अडवणे मला जास्त मोलाचे वाटते.

तपासायला नवे काही शोधायची गरज नाही. परवाना आहे. तो पाच रुपयांच्या फाडलेल्या पानातून काढून फोनवर आणावा. आजीव परवाना घेताना वय एकदा आधाराशी पडताळलेले असावे, आणि जाळीपाशी त्यावरचा चौकोनी कोड दुकानदाराने स्कॅन करावा, जसा तो पैशांसाठी रोज शेकडो वेळा करवून घेतो. स्क्रीनवर फक्त 'पात्र' किंवा 'अपात्र' उमटावे. नाव, पत्ता, किती बाटल्या घेतल्या, यातले काहीही साठवू नये. कोणी किती पितो याची सरकारी वही उघडण्याला माझा विरोध आहे, आणि वयाच्या तपासणीसाठी ती लागतही नाही. परवान्याचे हजार रुपयेही कमी करावेत. रोजंदारीच्या माणसाला वयाचा पुरावा महाग पडला की तो पुन्हा फाडलेल्या पानाकडे, किंवा हातभट्टीकडे, वळेल.

आक्षेप येईल की मोठा मित्र आपला परवाना दाखवून लहानांसाठी घेईलच. घेईल. पण आज तो एकाच वेळी आपल्यासाठीही घेतो आणि लहानांसाठीही, कारण काउंटरवर त्याला कोणी काही विचारत नाही. विचारणे सुरू झाले, आणि लहानांना पाजल्याचा दोष त्याच्या नोंदलेल्या परवान्याला चिकटू शकतो हे त्याला कळले, तर पापडखिंडच्या रस्त्यावरची पिशवी थोडी हलकी होईल. पूर्ण रिकामी होणार नाही.

दुसरा आक्षेप बायकांकडून आला, आणि तो मला जास्त विचार करायला लावणारा वाटला. आमच्या चाळीतल्या एका ताईंनी मला विचारले, "दुकानच बंद करता येतं ना आडव्या बाटलीनं, मग वयाचं कशाला घेऊन बसलात?" खरे आहे. महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांना गुप्त मतदानाने दुकान बंद करता येते: चतुर्थांश महिलांची मागणी, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींचे मत आडव्या बाटलीवर. हा अधिकार मोठा आहे. पण त्यात दोनच पर्याय आहेत, दुकान उभे किंवा आडवे. दुकान उभे राहिले तर ते कोणाला विकते यावर त्याच बायकांचा काहीही अधिकार उरत नाही, आणि नाक्यावरचे दुकान बंद झाले तरी पुढच्या नाक्यावरचे असतेच. मुलाच्या हातात काळी पिशवी पाहणारी आई तक्रार करते तेव्हा तिला पुरावा विचारला जातो. काउंटरवर स्कॅन करणे बंधनकारक झाले तर पुरावा तिला शोधावा लागणार नाही. स्कॅनशिवाय विकलेली बाटली हाच पुरावा असेल.

परवान्याशिवाय किती विक्री होते हे दिसावे यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाने दोन आकडे जाहीर करावेत, तालुकावार आणि दर महिन्याला: वसई तालुक्यात त्या महिन्यात किती परवाने दिले गेले, एक दिवसाचे धरून, आणि त्याच महिन्यात परवानाधारक दुकानांतून आणि बारमधून किती बाटल्या विकल्या गेल्या. दुसरा आकडा महसुलासाठी मोजलेलाच असतो. पहिला मोजायला परवान्यांच्या पुस्तकांतली उरलेली पाने पुरतील.